पडद्यावरचा ब्रह्मचारी

इंग्लंडात बेसिंगस्टोकच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या कॉलेजात, भाषांच्या तोंडी परीक्षा म्युझिक ब्लॉकच्या वरच्या मजल्यावर होत. तिथे शांतता असते, असं कुणा शहाण्याने ठरवलं होतं. प्रत्यक्षात खाली सतत कुणीतरी ट्रम्पेटचा जीव घेत असे. वरच्या कॉरिडॉरमध्ये निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर स्वराली आणि नताली नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर स्वराली अजिबात घाबरलेली नव्हती.

घाबरायचं कशाला? फ्रेंच ए-लेव्हलच्या, म्हणजे बारावीच्या, तोंडीला प्रत्येकाने आपापला विषय निवडायचा, त्यावर दोन मिनिटं बोलायचं, मग परीक्षक त्या विषयाची सालं काढतात. स्वरालीचा विषय होता रेमी व्हालकूर नावाचा फ्रेंच नट आणि त्याची पडद्यावरची सगळी कारकीर्द. सायकलवरून तारा वाटणारं पोरगं, मग इन्स्पेक्टर, मग वकील, जहाजाचा कप्तान, आणि आता म्हातारपणी आजोबा. या सगळ्यातून तिने स्वतःच्या डोक्याने सिद्धान्त काढला होता: हा माणूस पडद्यावर कधीच, म्हणजे कधीच, प्रेमात पडत नाही. आजोबाला बायको होती, पण ती आजारी, म्हणून ते प्रेम नव्हे, सेवा, असं तिने धरलं होतं. "पडद्यावरचा ब्रह्मचारी!" असं तिने घरी सांगितलं तेव्हा बाबा इतका खूश झाला, की ऑफिसात चार जणांना ऐकवून आला.

आता यतीन, म्हणजे तिचा बाबा, खूश होणं ही काही साधी गोष्ट नव्हती. नागपूरहून इथे येऊन त्याने सगळी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली. मुलगी कॉम्प्युटर सायन्स सोडून ब्रिस्टलला फ्रेंच शिकायला जाणार, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. शेवटी आईच्या मध्यस्थीने तह झाला. फ्रेंचमध्ये ए मिळाला तर ब्रिस्टल. नाही मिळाला तर दुसऱ्या पर्यायात लिहिलेलं कॉम्प्युटर सायन्स, आणि मग तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. तहावर हात मिळवताना बाबा म्हणाला होता, "तुझा हा व्हालकूर मी पण बघणार. एवढं काय सोनं लागलंय त्याला, कळू दे तरी." म्हणून वर्षभर दर रविवारी दुपारी, जेवणं झाली की, सोफ्यावर बापलेक आणि समोर सबटायटल्स.

"ए गाढव," शेजारून नतालीने कोपर मारलं. नतालीचे आजोबा गर्शोन मुंबईचे मराठी ज्यू. त्यांच्याकडून तिला मोजके मराठी शब्द मिळाले होते आणि ते सगळे कुणाला तरी झापायचे होते. बाकी बोलणं इंग्रजीत. "तू एवढं डोकं खाल्लंस म्हणून मी काल तुझी ती 'दिएपची फेरीबोट' बघितली. ओ माय गॉड, स्वरा! आणि तू त्याला मंक म्हणतेस?"

"का? काय झालं?"

"काय झालं? अर्धा पिक्चर तो हार्बरमास्तरच्या बायकोबरोबर बेडमध्ये आहे!"

"कुठली हार्बरमास्तरची बायको?"

"अगं, लाल छत्रीवाली!"

"ती त्याची बहीण आहे ना?"

नतालीने कपाळाला हात लावला. "देवा," ती हळूच म्हणाली, "बहीण नसू दे."

स्वराली हसली. हसता हसता तिचं हसू ओठांवरच थिजलं. कारण तिला रिमोट आठवला.

रिमोट नेहमी बाबाच्या मांडीखाली असायचा. का, ते आपल्या घरांमधून आईबापाबरोबर सिनेमे बघितलेल्यांना सांगायला नको. पडद्यावर दोन चेहरे वीतभर अंतरावर आले, की बाबाचा अंगठा आपसूक चालायचा. "हे फालतू आहे, पुढे काय होतंय बघू." तेवढ्यात स्वराली चहा टाकून यायची. तिला कळायला लागल्यापासून हे असंच. त्यात काही राहून जातंय, हे तिच्या डोक्यातही कधी आलं नव्हतं. हिंदी सिनेमात जायची दहा सेकंदं. पण फ्रेंच लोक काही दहा सेकंदांत आटपत नाहीत. आणि व्हालकूरचा तर एकही पिक्चर असा नव्हता, जो बघताना तिने उठून चहा केला नव्हता!



नेटवर वाचलं नव्हतं का? वाचलं होतं. पण फ्रेंचच्या सरांनी बजावलं होतं, लोकांची मतं नकोत, तुमचं स्वतःचं हवं. म्हणून तिने फक्त त्याचं बालपण आणि सिनेमांची नावं तेवढी उचलली. एका लेखात त्याला 'निरोपांचा राजा' म्हटलं होतं, तेव्हा तर ती घरभर नाचली होती. निरोप! म्हणजे ब्रह्मचारीच की!

"मी काय करू?" तिने नतालीचा हात घट्ट धरला. "नॅट, माझे सगळे मुद्दे आधीच परीक्षक बाईंकडे गेलेत. आता विषय बदलता येत नाही. मी काय करू?"

नतालीलाही आता हसू येईना. "ती बाई फ्रेंच आहे," ती म्हणाली, आणि हे तिने सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

दार उघडलं. "स्वॅरॅली?"

आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाण्याचा जग. पलीकडे मादाम फेरां, पांढरे केस मानेवर आवळून बांधलेले, चेहरा इस्त्री केल्यासारखा. मध्ये छोटा रेकॉर्डर. त्याचा लाल दिवा लागला आणि स्वरालीला वाटलं, संपलं. आता जे बोलू ते सगळं पकडलं जाणार.

दोन मिनिटांचं भाषण इतकं घोटलेलं होतं, की ते आपलं आपणच बाहेर पडायला लागलं. तोंड बोलत होतं आणि ती स्वतः कोपऱ्यात उभं राहून ऐकत होती. "रेमी व्हालकूर कधीच प्रेम करत नाही." खोटं. "त्याच्या आयुष्यात स्त्रीला जागा नाही." खोटं, खोटं! तिला तोंडावर हात ठेवावासा वाटत होता. एका वाक्याला मादामची भुवई किंचित वर गेली आणि तिथेच राहिली. 

"छान," मादाम फ्रेंचमध्ये म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, त्यामुळे जास्तच भीती वाटत होती. "'तिसऱ्या मजल्यावरचा वकील' तुम्ही पाहिलात?"

"हो, मादाम."

"मग दुसऱ्या मजल्यावरची ती पियानो शिकवणारी बाई?"

"ती... शेजारीण," स्वराली म्हणाली. "पियानोचा त्रास होतो म्हणून तो तिच्याकडे तक्रार करायला जातो."

"संध्याकाळी जातो."

"हो."

"सकाळी बाहेर येतो."

"हो."

"रात्रभर तक्रार करतो?"

ट्रम्पेटही नेमकं तेव्हाच थांबलं. लाल दिवा तिच्याकडे टक लावून बघत होता. आत्ताच्या आत्ता काहीतरी हुशार बोल, स्वरा! म्हण, तो पियानो हे प्रतीक आहे. म्हण, मी वेगळ्या अर्थाने म्हणत होते.  डोळ्यांपुढे कॉम्प्युटर सायन्सच्या पहिल्या वर्षाचा वर्ग उभा राहिला, आणि त्यात मागच्या बाकावर ती, तीन वर्षं, गप्प.

आणि मग तिच्या तोंडून जे बाहेर पडलं, ते तिने घोटलेलं नव्हतं.

"मादाम, मला माहीत नाही. माझे वडील ते सीन पुढे ढकलतात."

"पर्दों? काय म्हणालात?"

"प्रेमाचे सीन. आमच्या घरात ते आईवडिलांबरोबर बघत नाहीत. वडिलांकडे रिमोट असतो. मी रेमी व्हालकूरचे सगळे सिनेमे बघितले, पण त्यांतलं प्रेम एकदाही बघितलं नाही. हे मला आत्ता, बाहेर बसलेली असताना कळलं."

 मादामचं पेन कागदावर टेकलेलं, तसंच. हे फार भयंकर होतं. गप्प राहिली तर ती शांतता अंगावर कोसळेल असं वाटून स्वराली बोलतच सुटली. क्रियापदं घसरत होती, ती तशीच सोडून देत होती.

"पण आधीचं बघितलंय. आणि नंतरचं. फेरीबोटमध्ये तो किल्ली टेबलावर ठेवतो, मग माझ्या वडिलांचा अंगठा, आणि मग एकदम तो खिडकीपाशी शर्टाची बटणं लावतोय. आणि त्याची बोटं थरथरतायत. वकिलाच्या सिनेमातही तसंच. पायऱ्या चढून वर आला, की किल्ली कुलुपात जातच नाही. मला वाटायचं, हा एकटा आहे म्हणून असं होतं. पण..." तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. ते टेबलाच्या कडेवर लटलटत होते. "ते एकटेपणाचं नाही, मादाम. तो घाबरलेला असतो. मला आत्ता कळतंय, कारण माझेही हात अगदी तसेच झालेत."

"कशाला घाबरतो?"

"आता काहीतरी हातात आलंय, ते जाईल म्हणून. ज्याच्याकडे काहीच नाही त्याची बोटं अशी थरथरत नाहीत. शेवटच्या सिनेमात तो आजारी बायकोच्या पलंगाशी बसतो. तो सीन बाबांनी पुढे ढकलला नाही. तिथे ती वारते, आणि त्याचे हात अगदी स्थिर असतात. तेव्हा काय घाबरायचं? जायचं ते गेलेलं असतं."

मादाम फेरांनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग त्यांनी अजून प्रश्न विचारले, तरुणपणच्या भूमिकांबद्दल, एका इन्स्पेक्टरबद्दल, आणि स्वरालीने जे पाहिलं होतं ते पाहिलं म्हणून सांगितलं, नव्हतं ते नव्हतं म्हणून. दिवा विझला. इस्त्रीच्या चेहऱ्यावर एक सुरकुती पडली नाही. "मेर्सी, मादम्वाझेल." बस. गुण सांगायचे नसतात, पण निदान पापणी तरी हलवायची!

कार पार्कमध्ये बाबा गाडीला टेकून उभा होता. अर्धा दिवस रजा टाकून आला होता.

"काय गं? फाडलंस ना? ब्रह्मचारी ऐकून बाई खूश?"

"बाबा, तो ब्रह्मचारी नाहीये."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. छत्री, पियानो, सगळं. ऐकता ऐकता बाबाचा चेहरा पांढरा पडत गेला. वर्षभर आपण लेकीला मदत करतोय या आनंदात असलेला माणूस तो. त्याने खिशातून हात काढला आणि आपल्या अंगठ्याकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"माझ्यामुळे गेलं का गं?"

"माहीत नाही."

"मी मेल लिहू का त्यांना?"

"काय लिहिणार? डिअर सर, आय फास्ट-फॉरवर्डेड?"

तो हसला नाही. तिने त्याला असा कधीच बघितला नव्हता. व्हिसाची पत्रं यायची तेव्हासुद्धा नाही. आणि त्याला तसं बघून तिला परीक्षेच्या खोलीतल्यापेक्षा जास्त भीती वाटली, कारण आता जे बोलायचं होतं ते आत्ताच बोलायला हवं होतं. ऑगस्टमध्ये निकाल लागल्यावर ते निमित्त वाटलं असतं.

"बाबा, ऐक. ए नाही आला तर मी पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. कॉम्प्युटरला जाणार नाही. तह मोडला म्हण, काय म्हणायचं ते म्हण. मी जाणार नाही." 

बाबा गाडीत जाऊन बसला. तीही बसली. त्याने सीटबेल्ट लावला, काढला, परत लावला. समोर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती जाईपर्यंत तो बघत राहिला.

"तिथे खोटं रेटलं असतंस तर?" त्याने विचारलं.

"पकडली गेले असते."

"आणि नसतीस तर?"

"तरी मला कळलं असतं ना."

बाबाने आरसा उगाच सरळ केला. 

"पुन्हा बस," तो शेवटी म्हणाला. "लागलं तर. मी मध्ये येणार नाही." मग चावी फिरवली आणि तशीच सोडून दिली. "फक्त एक कर. आईला हे सगळं तू सांग. मला भीती वाटते."