माझ्या मरणाची मागणी

मी भेग बोलतेय. दचकू नका. एरवीही मला पाहून लोक दचकतात, नाहीतर नजर चुकवतात, म्हणून आधीच सांगितलं. एका जुन्या इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत माझा मुक्काम आहे. भिंतीला कान असतात असं तुम्ही म्हणता. तोंड असतं हे मात्र कुणी सांगत नाही. ते तोंड म्हणजे मी.

माझा जन्म पाण्यापोटी झाला. गच्चीवरच्या टाकीचा पाइप गळत होता. थेंब थेंब करत पाणी भिंतीत उतरलं, आतली सळई गंजून फुगली आणि एके सकाळी गिलाव्यावर मी उमटले. मला पहिल्यांदा पाहिलं ते नानांनी. नाना कमरेपासून लुळे, खाटेवर पडून असायचे. छत आणि समोरची भिंत एवढंच त्यांचं जग, त्यामुळे त्यात काही नवीन झालं की त्यांना लगेच कळायचं.

"सूनबाई, भिंतीला केस उगवलाय बघ," ते म्हणाले.

सूनबाईंनी शिलाई मशीन थांबवून वर पाहिलं. "म्हातारी झाली भिंत, नाना."

"म्हातारपणी केस गळतात गं. हिचं उलटंच दिसतंय."

दोघं हसली. माझं बारसं हे असं झालं.

सूनबाई कपडे शिवतात. नवरा गेला तेव्हा त्यांनी मशीन खिडकीशी ओढून घेतलं, आणि त्या मशीनवरच दोघांचं पोट चालू लागलं. इमारतीतले सगळे त्यांना काकू म्हणतात. खोली मात्र नानांच्या नावावर होती. भाड्याच्या पावतीवर काकूंचं नाव कुठेच नव्हतं. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं.

माझी दुसरी बाजू पलीकडच्या खोलीत निघते. तिथे बसचा ड्रायव्हर राहतो. त्याला सगळे दादा म्हणतात. आवाज मोठा, राग त्याहून मोठा, पण शिफ्टवरून आला की बायकोला आधी विचारतो, "जेवलीस का?" अशा माणसाचा राग फार मनावर घ्यायचा नसतो.

मी वाढत गेले. बोट शिरेल एवढी झाले तेव्हा काकूंनी मालकाकडे तक्रार केली. मालक स्वतः कधी आलाच नाही. त्याचा माणूस यायचा. काहीही सांगितलं की तो "बघू" म्हणायचा, म्हणून त्याच्या मागे सगळे त्याला बघूसाहेब म्हणत. बघूसाहेबांनी माझ्यावरून हात फिरवला, हाताला लागलेली माती झटकली आणि हळूच म्हणाले, "तुमच्या शेजाऱ्याने पलीकडून मोठमोठे खिळे ठोकलेत. त्यानेच तडकली. त्याला सांगा, मला काय सांगता?" जाता जाता खाटेकडे बघून त्यांनी विचारलं, "नानांची तब्येत कशी आहे हल्ली?" आवाजात मध होता. पण काकूंच्या अंगावर काटा आला. नानांनंतर ही खोली कुणाची, हा हिशोब त्यांनाही करता येत होता.

मग साहेब पलीकडे गेले आणि दादाला म्हणाले, "शेजारणीच्या मशीनचा हादरा बसतो हो सारखा. भिंत बिचारी किती सोसणार?"

झालं. काकू आणि दादा यांचं बोलणं तुटलं. जिन्यात समोरासमोर आले तरी एक भिंतीकडे बघे, एक कठड्याकडे. पाइप गळका, सळई गंजलेली, आणि भांडत होती ही दोघं. मी मध्ये उभी राहून दोन्हीकडची बोलणी ऐकायची. तोंड असून मुकी, असं माझं झालं होतं.

पण एक गोष्ट बघूसाहेबांच्या ध्यानात आली नाही. तोवर मी आरपार झाले होते.

पुढच्या खेपेला ते काकूंकडे आले आणि खिळ्यांचं पालुपद त्यांनी पुन्हा सुरू केलं. दादाची त्या दिवशी सुट्टी होती. माझ्या पलीकडे, हातभर अंतरावर, तो चहा पीत बसला होता. शब्दन् शब्द त्याच्या कानावर गेला. तो तसाच कप हातात घेऊन काकूंच्या दारात आला.

"साहेब, मागच्या आठवड्यात मला म्हणालात, मशीनने पडली. आज खिळ्यांनी पडली. उद्या काय, नानांच्या खोकल्याने पडली म्हणाल?"

बघूसाहेब "बघू, बघू" करत जिना उतरले. काकू आणि दादा एकमेकांकडे बघत राहिले. मग काकू म्हणाल्या, "भाऊ, तुमचा चहा निवला. दुसरा टाकते."

त्याच संध्याकाळी दोघं तळमजल्यावरच्या सिस्टरांकडे गेली. सिस्टर दवाखान्यात नर्स. इमारतीत अर्ध्या लोकांना त्यांनी इंजेक्शन टोचलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणी फार मिजास करत नाही. त्यांनी सगळ्यांना जिन्यावर बोलावलं. एकेका घराने एकेक पायरी धरली. बोलायला लागल्यावर कळलं की प्रत्येकाला दुसऱ्याचंच नाव सांगितलं गेलंय. खालच्याची गळती वरच्याच्या धुण्यामुळे, वरच्याचं तुंबलेलं पाणी खालच्याच्या खरकट्यामुळे. जिन्यावर हसण्याची एक लाट आली आणि लगेच ओसरली. फसल्याचं हसू फार वेळ टिकत नाही.

सिस्टरांनी तिथेच नियम घातला: मालकाच्या माणसाशी खोलीत बोलायचं नाही. जे बोलायचं ते जिन्यावर, सगळ्यांच्या देखत. काकू सगळ्यात वरच्या पायरीवर बसत आणि दार उघडं ठेवत, म्हणजे खाटेवरच्या नानांनाही ऐकू जाई. मलाही जाई. मागण्या दोनच होत्या. भेगा बुजवून इमारत नीट दुरुस्त करा, आणि दुरुस्तीसाठी खोल्या रिकाम्या केल्या तर ज्याची खोली त्याला परत मिळेल, असं राहणाऱ्याच्या नावाने लिहून द्या. पहिली मागणी म्हणजे माझं मरण. खरं सांगते, मला राग आला नाही. कुणी माझ्याकडे बघून एकत्र बसेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पालिकेकडे अर्ज गेला. तपासणीला तिथले साहेब येणार असा निरोप आला. आणि इथेच या शहाण्या माणसांनी घोटाळा केला.

साहेब घरी येणार म्हटल्यावर बायामाणसं आवरायला लागली, बापेही मागे राहिले नाहीत. कुणी पोपडे खरवडून चुना फासला. कुणी ओलीवर कॅलेंडर टांगलं. दादाने माझ्या त्याच्याकडच्या बाजूवर लग्नातला फोटो लावला. काकूंनी तर कमालच केली. कपड्यांचं लाकडी कपाट रेटत रेटत आणलं आणि माझ्यापुढे उभं केलं.

"अगं, तेच तर दाखवायचंय ना?" नाना खाटेवरून म्हणाले.

"दाखवू हो. पण माणूस पहिल्यांदा घरात पाऊल टाकतोय. एकदम फाटकी भिंत कशी दाखवायची?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही सवय हाडीमाशी भिनलेली. साहेब आले. प्रत्येक घरात पाणी प्यायले, चहाला नको म्हणाले. सिस्टर त्यांच्याबरोबर खोल्या फिरत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. काकूंच्या खोलीत त्या म्हणाल्या, "साहेब, या कपाटामागे बघा." साहेबांनी डोकावलं, तिथे अंधार. घड्याळ बघत म्हणाले, "घरं छान ठेवलीत तुम्ही." मला कपाटामागून ओरडावंसं वाटलं. त्यांनी अहवाल दिला: किरकोळ डागडुजी, तातडी नाही.

त्या दिवशी जिन्यावर कुणी कुणाकडे बघेना. शेवटी काकू म्हणाल्या, "कपाट मीच सरकवलं. लाज वाटली मला."

"लाज भाडं घेणाऱ्याला वाटायला पाहिजे, काकू," सिस्टर म्हणाल्या. "आपण का दुसऱ्याची लाज आपल्या घरात झाकून ठेवतोय?"

पुन्हा अर्ज, पुन्हा खेटे. त्यात सगळा हिवाळा गेला. आणि नाना त्या हिवाळ्यात खचत गेले. कपाट बाजूला गेलं होतं, त्यामुळे आम्ही दोघं पुन्हा समोरासमोर होतो. काकू कामात असल्या की ते माझ्याशी पुटपुटत. "तू रुंद होतेस, मी बारीक होतोय," म्हणायचे. "आधी कोण जातं बघू." मी आधी जावं, असं मला मनापासून वाटत होतं. माझ्याआधी ते गेले. एका दुपारी, मशीन चालू असताना. काकूंनी शिवण पुरी केली, धागा तोडला आणि "नाना, चहा?" म्हणून वळल्या.

नानांना त्याच जिन्यावरून खाली नेलं. पुढचा खांदा दादाचा होता. आणि काकू रिकाम्या खाटेच्या काठावर बसून माझ्याकडे बघत होत्या. "ते कपाट सरकवलं नसतं तर..." एवढंच त्या म्हणाल्या. तर दुरुस्तीचा हुकूम नाना असतानाच निघाला असता, हे उरलेलं मला कळलं. मला बोलता आलं असतं तर म्हणाले असते, बाई गं, नको. पाइप तुझा नव्हता, पावती तुझ्या हातात नव्हती. तू फक्त घर आवरलंस.

दुसरी तपासणी त्यानंतर थोड्याच दिवसांत झाली. या वेळी सगळ्यांनी कपाटं, खाटा, फोटो उचलून बाहेर गॅलरीत नेऊन ठेवले. काकूंनी शिवणाचा निळा खडू घेतला आणि कापडावर आखतात तशा माझ्या दोन्ही कडा वरपासून खालपर्यंत आखल्या. मग तोच खडू घरोघरी फिरला. साहेब दारातच थबकले. सगळी इमारत निळ्या रेघांनी भरलेली होती. त्यांनी भिंतीला टेकू लावायला सांगितलं आणि हुकूम काढला: मालकाने मुदतीत दुरुस्ती करावी, नाहीतर पालिका करील आणि खर्च मालकाकडून वसूल करील.

आता बघूसाहेब धावत आले. जिन्यावरच उभं राहून बोलले, त्यांनाही नियम पाठ झाला होता. "मालक तयार आहेत. खोली परत देण्याचं सगळ्यांना लिहून देतात. फक्त वरची ती एक खोली सोडून. ती नानांच्या नावावर होती, नाना गेले. काकूंचा काही संबंध नाही. बाकीच्यांनी आज सह्या करून खोल्या रिकाम्या कराव्यात."

एका पायरीवरून कुणीतरी म्हणालं, "मुलांकडे बघावं लागतं." दुसरं कुणी म्हणालं, "भिंत पडली तर?" वाईट नव्हती ती माणसं. घाबरली होती. टेकू दिलेल्या भिंतीशेजारी झोपून बघा, म्हणजे कळेल.

काकू उठल्या. "खरंय त्यांचं. करा सह्या. मी जाईन कुठेतरी. माझ्या एकटीसाठी तुम्ही सगळ्यांनी का अडायचं?"

दादा त्यांच्या खालच्याच पायरीवर होता. मला वाटलं, हा आता ओरडणार. तो अगदी हळू बोलला.

"काकू, भिंत एकच आहे. माझ्या बाजूने बुजवायची आणि तुमच्या बाजूने उघडी ठेवायची, असं कसं जमेल?" मग तो बघूसाहेबांकडे वळला. "माझी सही नाही. यांचं नाव आधी लिहा."

सिस्टर म्हणाल्या, "माझीही नाही." मग एकेका पायरीवरून तेच आलं. काही आवाज कापत होते, एक तर रडत होता. पण आले सगळे. गाव करी ते राव न करी, ही म्हण मी भिंतीआडून पुष्कळदा ऐकली होती. ती खरी होताना त्या दिवशी पाहिली.

मालकाने ताणून धरलं. पाणी तोडलं, दिवे बंद केले, एकेकट्याला गाठून बघितलं. पण खोल्या रिकाम्या झाल्याशिवाय काम सुरू होत नव्हतं, आणि मुदत त्याच्याच मानगुटीवर होती. ती संपायच्या आदल्या दिवशी कागद आला. पहिलं नाव काकूंचं होतं. त्यांनी ते वाचलं, मशीनवर डोकं टेकलं आणि नानांना हाक मारून रडल्या.

आज खोली रिकामी आहे. मशीन सिस्टरांकडे तळमजल्यावर गेलंय, काम होईपर्यंत. गवंड्याने माझ्या कडा छिनून मोकळ्या केल्यात, गंजलेली सळई घासून तिच्याशेजारी नवी बसवलीय आणि मला पाण्याने भिजवलंय. जाण्याआधी तुम्हाला एकच सांगणं आहे. तुमच्याही भिंतीत माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर कॅलेंडर टांगू नका. शेजाऱ्याला आत बोलवा आणि दाखवा. त्याच्याही घरात तिची दुसरी बाजू असेल.

गवंडी म्हणतो, भेग आरपार आहे. इकडून पातळ सिमेंट ओतलं की तिकडून वाहून जाईल. पलीकडे कुणीतरी फळी घट्ट दाबून धरायला हवी. दादाने त्यासाठी आज रजा टाकलीय. काकूंनी गवंड्याच्या हातून पहिलं भांडं मागून घेतलंय. त्या स्टुलावर चढल्यात, भांडं माझ्या तोंडाशी आणलंय, पण ते अजून तिरपं केलेलं नाही. नानांची खाट होती ती जागा त्यांना तिथून दिसते.

माझ्यातून पलीकडचा आवाज येतो, शेवटचाच.

"ओता काकू. मी धरलंय."