खोक्यातला पंप

मोरूच्या टेंपोचा डिझेल पंप गेला आणि मोरूच्या जिभेला ऊत आला. दुसऱ्याच्या वर्मावर बोट ठेवण्यात त्याचा हात धरणारा कर्जत तालुक्यात कोणी नव्हता.

कुंभिवलीच्या इद्रिसचाचानं पंप खोलून पाहिला. चाचा चाळीस वर्षं पंपच करत आलेला. केलेल्या प्रत्येक पंपाच्या स्क्रूवर तो शिशाचं सील ठोकून द्यायचा, कोणी सेटिंगला हात लावू नये म्हणून. "बॉडी दणदणीत हाय रं," तो म्हणाला. "आतलं झिजलंय, तेवढं बदलतो. नवा कशाला घेतोस?"

"म्हाताऱ्याला दात बसवले म्हणून तो काय नवरदेव व्हतो?"

गॅरेजातली चार माणसं हसली. चाचाच्या तोंडात कवळी होती, म्हणून जरा जास्तच हसली.

मोरूच्या धाकट्या बहिणीचा नवरा योगेंद्र बाजूला उभा होता. त्याचाही टेंपो त्याच जातीचा, आणि त्याचाही पंप पार मेलेला. मोरूनं आपला जुना पंप उचलून त्याच्या पुढ्यात टाकला. "घ्या दाजी, भंगार. आमच्याकडनं हुंडा ऱ्हायला व्हता ना?"

योगेंद्रनं वाकून पंप उचलला, पुसला आणि चाचाच्या टेबलावर ठेवला.

मोरूनं खोपोलीहून खोक्यातला कोराकरकरीत पंप आणून बसवला. पंप चांगला होता. खोट होती ती मोरूत. माथेरानच्या एका हॉटेलाला वर्षभर भाजी पोचवायचं काम निघालं होतं. ते मिळालं तर ठीक, नाहीतर टेंपो विकून कारखान्याच्या गेटवर शिट्टी घेऊन उभं राहायचं, हे मोरूला पक्कं ठाऊक होतं. हॉटेलवाल्यानं मोरू आणि योगेंद्र दोघांना निम्मा निम्मा माल देऊन सांगितलं, सोमवारी जो दस्तुरी नाक्यावर आधी पोचेल त्याला काम. गाड्या तिथपर्यंतच. पुढे माल घोड्यांवर जातो, आणि घोडेवाले सकाळी आठनंतर कोणासाठी थांबत नाहीत.

घाटात गाडी उडाली पाहिजे म्हणून मोरूनं रविवारी पक्कडीनं कंपनीचं सील तोडलं आणि डिझेल वाढवायचा स्क्रू दीड आटे फिरवला. आमच्याकडचे निम्मे ड्रायव्हर ही अक्कल पाजळतात. चाचाच्या सीलला हात लावायची मात्र कोणाची छाती होत नाही, कारण चाचा समोर येऊन विचारतो. कंपनी कुठे विचारायला येते?

सोमवारी पहिल्या वळणाला गाडी खरंच उडाली. योगेंद्रला मागे टाकताना मोरूनं खिडकीतून हात काढून टाटा केला. अर्ध्या घाटात, जुम्मापट्टीपाशी धूर काळाकुट्ट झाला, मग इंजिन तापलं, आतून खाडकन आवाज आला आणि पिस्टन जाम. गाडी जागच्या जागी मेली.

मागून योगेंद्रचा टेंपो एका लयीत चढत आला आणि थांबला. मोरूच्या जिवात जीव आला. काही झालं तरी बहिणीचा नवरा.

"दाजी, दोरी लावून ओढा तेवढं."

"या चढाला दोनी गाड्या मरतील, दादा. भाजी भरा माझ्या टेंपोत. घोडं थांबायची नायत."

"आन काम?"

"जो पोचवंल त्याचं."

मोरूनं स्वतःच्या हातांनी कोबी, टोमॅटोचे क्रेट त्या टेंपोत चढवले. रडू येत होतं आणि रागही येत होता, दोन्ही त्यानं गिळलं. शेवटचा क्रेट ठेवून तो पुढच्या सीटकडे निघाला.

"मागं बसा," योगेंद्र म्हणाला. "क्रेट धराया माणूस लागतंय."

मोरू मागे चढला. इंजिन एकसारखं चाललं होतं, धुराचा पत्ता नव्हता. न राहवून त्यानं मागच्या खिडकीच्या गजांतून विचारलं, "दाजी, पंप कुठनं आणला वो?"

"आणला नाय," योगेंद्रनं मागे वळूनही पाहिलं नाही. "हुंड्यात मिळाला."

दस्तुरी येईपर्यंत मोरू क्रेट धरून आपला पंप ऐकत बसला.