साडेसहा किलो पाप

दुकानदार तालायचं पाप साडेसहा किलो भरलं, तेव्हा मेंढपाळांच्या तंबूंनी भरलेल्या कुरणावर एकच गलका झाला.

"बाहेर एकशे आठ, आत एकशे एक पूर्णांक पाच!" शर्शेनबाबांनी तंबूच्या दारात उभं राहून आकडा पुकारला. "वजाबाकी तुम्हीच करा, मंडळी. मी नुसता धूर दाखवतो. उचलून नेणारा वर बसलाय."

साठ-सत्तर माणसांनी वजाबाकी केली. तालायची बायको कुलिपा हिची सगळ्यांच्या आधी झाली.

"साडेसहा?" ती म्हणाली. "दर महिन्याला माल आणायला नारीन शहराला जातोस, तो कुठला माल रे?"

"अगं, काटा बिघडला असेल."

"बाबांचा काटा?" दहा जण एकदम ओरडले.

तालायची पंचाईत झाली. काटा खोटा म्हणावं तर पाप अंगावरच राहतं, आणि खरा म्हणावं तर कुलिपा समोर उभी.

मंगळवारी बाबांची पांढरी गाडी कुरणावर आली, तेव्हापासून हेच चाललं होतं. रीत साधी होती. तंबूच्या दाराबाहेर एक फळी टाकलेली. तिच्यावर बाबांचा काचेचा वजनकाटा, तोच तो, शहरात घरोघरी असतो तसला. माणसाने त्यावर उभं राहायचं, आकडा सगळ्यांनी वाचायचा. मग आत जायचं, चुलीभोवती तीन फेऱ्या, अर्चा या सुवासिक झाडाच्या फांद्यांचा धूर, झऱ्याच्या पाण्याचा एक घोट. तोवर बाबा तोच काटा स्वतःच्या हाताने आत आणून, पाहुण्याला बसवतात त्या मानाच्या जागी, लाल-काळ्या नक्षीच्या जाड लोकरी नमद्यावर ठेवायचे. पुन्हा उभं राहायचं. वजन उतरलेलं असायचं. जेवढं उतरलं तेवढं पाप.

लपवाछपवी काही नव्हती. काटा एक, माणूस एक, आकडा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. बाबांचा एकच शब्द होता, "विश्वास ठेवू नका, वाचा!" आणि लोक वाचत होते.

चार दिवसांत कुरणाचं स्वास्थ्य पार बिघडलं. एक्क्याऐंशी वर्षांच्या झूरा एनेचं, म्हणजे झूरा आजीचं, पाप फक्त नऊशे ग्रॅम निघालं. तेव्हापासून म्हातारी काठीशिवाय चालत होती आणि भेटेल त्याला विचारत होती, "तुझं किती रे?" तिचा दोन वर्षांचा पणतू काट्यावर उभा राहिला तेव्हा पाप शून्य आलं, आणि बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. सरपंचाचे पाच किलो उतरले. तो ते कुठल्या निवडणुकीचे हे सांगायला तयार नव्हता.

बुरुल हे सगळं वहीत उतरवून घेत होती. तिला सवयच होती ती. राजधानीत क्रीडाविज्ञानाच्या शेवटच्या वर्षाला होती ती, आणि सुट्टीला घरी आली होती. तिचं शिक्षण हा कुरणावरचा जुना विनोद होता. "धावायला शिकायला चार वर्षं? आमच्या मेंढ्या न शिकता धावतात," तालाय दर सुट्टीत म्हणायचा. आई, जिला दोघी बहिणी आपा म्हणत, लाज राखायला लोकांना सांगायची, "डॉक्टरच होणार आहे ती. फक्त औषधं नाहीत." बुरुल समजावून थकली होती. तिच्या वर्गातली एक जण इस्पितळात गुडघा बदललेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणार होती. एक जण फुटबॉलच्या संघात बसून कोण कितव्या मिनिटाला दमतो ते मोजत होता. एक जण डोंगरात अडकलेल्यांना सोडवणाऱ्या तुकडीचं खाणं ठरवत होती. बाकीचे शाळेत खेळाचे शिक्षक होणार होते.

"म्हणजे शिट्टी वाजवणार," लोक म्हणायचे.

आज मात्र बुरुल विनोदाच्या पलीकडे गेली होती. कारण रांगेत पुढचा नंबर तिच्या धाकट्या बहिणीचा होता.

मीरिम अठरा वर्षांची, कुस्तीगीर. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नारीनच्या क्रीडागृहात वजनं, मग निवडीच्या कुस्त्या. गटातल्या पहिल्या दोघींना राजधानीच्या निवासी क्रीडाशाळेत जागा, आणि तिथून विद्यापीठात. ही संधी या वयात एकदाच होती. मीरिमला बासष्ट किलोच्या गटात उतरायचं होतं. आठ दिवस ती काकडीवर आणि अर्ध्या ग्लास पाण्यावर होती. तरी काटा चौसष्टच्या खाली येत नव्हता. तिचे गुरू ओमुर्झाक आगाय, एके काळचे जिल्ह्याचे विजेते, यांनीच तिला बाबांकडे पाठवलं होतं. "प्रयत्न सगळे झाले, बाळ. आता हाही करून बघ."

फळीवर मीरिम चौसष्ट पूर्णांक तीन भरली. आत तीन फेऱ्या, धूर, पाणी. नमद्यावर एकसष्ट पूर्णांक सात.

मीरिम किंचाळली. आगाय रडले. आपाने तर आधीच मांसाचं ताट आणि कुमीसचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा तयार ठेवला होता. "जेव गं माझी वासरी! सुटलीस!"

मीरिम वाडगा ओठाला लावणार तोच बुरुलने तिचा हात धरला.

"थांब. बासष्टच्या आत आलीस म्हणून पिऊ नकोस."

"एजे, सोड! आकडा तू स्वतः वाचलास!" मीरिम थोरल्या बहिणीवर ओरडली.

"वाचला. म्हणूनच म्हणते."

"आठ दिवसांनी मला मांसाचा वास आलाय, एजे. मी तुला चावीन हं."

बुरुलने वही उघडली. चौदा किलोचं पोर, पाप शून्य. सत्तेचाळीस किलोची झूरा एने, नऊशे ग्रॅम. चौसष्टची मीरिम, दोन पूर्णांक सहा. एकशे आठचा तालाय, साडेसहा. पाप माणसाच्या वागण्यावर चाललेलं नव्हतं. ते त्याच्या वजनावर चाललं होतं. हडकुळे सगळे सज्जन, आणि जाडे सगळे पापी. शेजारच्या तंबूतला काटकुळा घोडेचोर एसेन, दोनदा तुरुंगात जाऊन आलेला, फक्त दीड किलोत सुटला होता.

"बाबा," ती पुढे होऊन म्हणाली, "एक वजन आणखी कराल? माणसाचं नाही. आगायांच्या गाडीत लोखंडी गोळे आहेत, कडीवाले, बत्तीस-बत्तीस किलोचे."

बाबांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग आवाजात मध आला. "लेकी, काटा पवित्र आहे. लोखंडाला आत्मा नाही. ज्याला आत्मा नाही त्याला पाप कुठून?"

"मग काहीच उतरणार नाही. बघू तरी."

"संशयाने झरा आटतो."

"माझ्या गोळ्यांवर वीस पोरं कुस्ती शिकली," आगायांना राग आला. "अपवित्र कसे ते?"

बाबा काटा उचलायला वाकले, तेव्हा कुलिपाने काट्यावर पाय ठेवला. "बघू दे तिला, बाबा. मलापण बघायचंय." तिच्या मनात तालायचे साडेसहा किलो अजून घोळत होते.

बाहेर फळीवर काटा, काट्यावर भाकरीचा लाकडी पाट, पाटावर दोन गोळे. सहासष्ट पूर्णांक शून्य. चौसष्टचं लोखंड आणि दोनचा पाट.

"आता आत," बुरुल म्हणाली.

"असं कसं?" झूरा एने ओरडली. "फेऱ्या राहिल्या ना! नियम म्हणजे नियम."

मग आगाय आणि तालाय एकेक गोळा छातीशी धरून चुलीभोवती तीन फेऱ्या हिंडले. तालाय दुसऱ्या फेरीतच घामाघूम झाला. झूरा एनेने गोळ्यांना धूर दाखवला. कोणीतरी त्यांच्यावर झऱ्याचं पाणी शिंपडलं. पाट आणि गोळे नमद्यावरच्या काट्यावर चढले.

त्रेसष्ट पूर्णांक दोन.

सगळे काट्यावर वाकले.

"दोन किलो आठशे," कुलिपा हळूच म्हणाली. "गोळ्यांनी काय केलं असेल?"

"एक माझ्या पायावर पडला होता," आगाय म्हणाले. "नऊ वर्षांपूर्वी."

"मग फिटलं ते!" मागून कोणीतरी ओरडलं.

हसू असं फुटलं की तंबूच्या काठ्या हलल्या. बाहेरचे आत घुसले, आतले बाहेर सांगायला धावले. बाबा हात वर करून ओरडत होते, "लोखंड जुनं आहे! तोफेचं असेल! युद्धातलं रक्त!" पण युद्ध कुणालाच ऐकायचं नव्हतं. सरपंच तर डोळे पुसत होता. पाच किलोंचं ओझं त्याच्या मनावरून आत्ता उतरत होतं.

बुरुलने गोळे उतरवले आणि काटा उलटा केला. काचेच्या खालच्या बाजूला, बरोबर मधोमध, लाल लोकरीचे धागे चिकटले होते.

"हे बघा," ती म्हणाली. "या काट्याला चार कोपऱ्यांत चार छोटे पाय आहेत. वजन कळतं ते फक्त या पायांना. फळीवर सगळा भार पायांवर येतो. नमदा मऊ. पाय त्यात रुततात आणि काट्याचं पोट नमद्यावर टेकतं. पोटावर पडलेला भार पायांना कळतच नाही. जेवढा माणूस जड तेवढा काटा खोल, आणि तेवढं पाप जास्त. पोर हलकं, काटा रुतलाच नाही, म्हणून ते निष्पाप."

"आणि माझं नऊशे ग्रॅम?" झूरा एनेने विचारलं.

"तुम्ही बारीक आहात, एने."

"एवढंच?"

"एवढंच."

म्हातारीला ते अजिबात आवडलं नाही.

बुरुलने बाहेरची फळी आत आणली, त्याच नमद्यावर टाकली, फळीवर काटा ठेवला. "मीरिम, ये."

मीरिम आली. तिला कळलं होतं. ती उभी राहिली आणि खाली न बघता वर धुराड्याच्या गोल भोकाकडे बघत राहिली. आकडा आगायांनी वाचला.

"चौसष्ट पूर्णांक तीन."

मीरिम काट्यावरून उतरली आणि बाहेर निघून गेली.

पुढच्या पंधरा मिनिटांत बाबांची गाडी भरली गेली. "संशयाच्या हवेत आत्मे श्वास घेत नाहीत," असं ते खिडकीतून म्हणत होते. कुलिपा मागच्या दारातून बाबांना दक्षिणा म्हणून दिलेली आपली साखरेची गोणी ओढून काढत होती. "साखर श्वास घेत नाही, ती ठेवून जा!"

आणि गाडी वळणाआड गेली न गेली, तोच बुरुलपुढे रांग लागली. तीच माणसं, त्याच क्रमाने.

"बुरुल, माझ्या गुडघ्यावर जरा फुंकर मार," झूरा एने म्हणाली.

"फुंकर नाही, एने. खुर्चीत बसायचं, हात न टेकता उठायचं. दिवसातून दहा वेळा."

"आणि म्हणायचं काय?"

"एक, दोन, तीन."

"हा मंत्र मला येतो," म्हातारी खूश होऊन म्हणाली.

बुरुल रांग सोडून धावली. मीरिम घोड्यांच्या पाण्याच्या कुंडाशी बसली होती.

"तुझं विज्ञान खरं निघालं," मीरिम म्हणाली. "आता मला उद्या हाकलतील. बरं वाटलं?"

"नाही. पण गट काट्यावर चढण्याआधी सांगायचा असतो. पासष्ट सांग."

"पासष्टमध्ये तलासची साल्तनात आहे! दोनदा आपटलंय तिने मला!"

"कधी?"

"गेल्या वर्षी. ती बासष्टमध्ये होती तेव्हा."

"कितव्या मिनिटाला?"

मीरिमने तोंड वाकडं केलं. "तुला माहितीये. सहाव्या, शेवटच्या."

"दोन्ही वेळा शेवटच्या. पाचव्या मिनिटापर्यंत तू पुढे होतीस, माझ्या वहीत आहे. दोन्ही वेळा तू आदल्या आठवड्यात काकडी खाल्ली होतीस. मीरिम, साल्तनात जेवलेल्या मीरिमशी अजून एकदाही लढलेली नाही."

मीरिमने कुंडातलं पाणी तोंडावर मारलं. मग म्हणाली, "मांस गार झालं असेल का गं?"

"आपा गरम करेल. सावकाश खा. आधी पाणी, थोडं थोडं. एकदम नको."

सकाळी नारीनच्या क्रीडागृहात काटा काँक्रीटवर होता. शेजारच्या खोऱ्यातल्या दोन मुली बासष्ट सांगून चढल्या आणि चौसष्ट भरल्या. दोघींनाही बाबांनी आदल्या आठवड्यात शुद्ध केलं होतं. त्या भिंतीशी बसून रडत होत्या आणि त्यांचे वडील पंचांना सांगत होते की काटा नास्तिक आहे. मीरिमने स्पष्ट आवाजात "पासष्ट" म्हटलं. चौसष्ट पूर्णांक आठ.

दोन कुस्त्या ती सहज जिंकली. अंतिम कुस्तीत समोर साल्तनात. पाचव्या मिनिटाला साल्तनात पाच, मीरिम दोन. आणि मग, शेवटच्या मिनिटात, धापा टाकणारी मुलगी या वेळी मीरिम नव्हती. मीरिमने तिची कंबर धरली, उचलली, दोन गुण घेतले, आणि पुन्हा धरायला झेपावली तोवर शिट्टी झाली. पाच-चार.

हरली. पण दुसरी आली, आणि जागा दोन होत्या.

साल्तनात गुडघ्यांवर हात टेकून वर बघत म्हणाली, "आयला, काय खाल्लंस तू?"

"जेवण," मीरिम म्हणाली.

परत कुरणावर गाडी पोचली तेव्हा झूरा एने वाट अडवून उभी होती. "ताईत कुठला बांधला होता? खरं सांग."

"कुठलाच नाही, एने," बुरुल म्हणाली.

"मग तुझ्या हाताला गुण आहे. सोमवारी कुरणावरच्या शाळेत ये, पोरांच्या डोक्यावर हात ठेव."

बुरुल सोमवारी शाळेत गेली. डोक्यावर हात ठेवला नाही. सोबत तसलाच एक काटा, फळी आणि नमदा नेला, आणि पोरांना आळीपाळीने उभं केलं. शेवटी ती म्हणाली, "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. कोणी आकडा दाखवून चमत्कार सांगितला, तर हात जोडण्याआधी वाकून बघा, काटा कशावर ठेवलाय. दुसऱ्या जागी ठेवून पुन्हा मोजा. दोनदा मोजू देत नाही तो लबाड. वाकून बघायला पदवी लागत नाही. पदवी लागते ती नंतर, खरं वजन कळल्यावर काय करायचं हे ठरवायला."