खिळ्यावरची कात्री

कात्री तिच्या खिळ्यावरच होती. दुधाचं पातेलं उतरवताना आकांक्षाची नजर सहज तिथे गेली, आणि मग अंथरुणाची घडी घालताना, गॅलरीतला कंदील आज काढावा की उद्या पाडव्यापर्यंत राहू द्यावा असं मनाशी म्हणताना, पुन्हा पुन्हा तिथेच. काळ्या मुठीची, एका पात्याला गंज धरलेली, मोरीच्या दाराशेजारी लटकलेली कात्री. खाली विळी भिंतीला टेकून उभी. सुऱ्या फळीवर. सगळं जिथल्या तिथे... म्हणजे आईंनी काहीच उचललेलं नाही.

जूनमध्ये पंचांग उघडून आईंनीच, तिच्या सासूबाईंनी, सांगितलं होतं, औंदा लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण आहे. मग बोटांवर महिने मोजले होते. "तुका सातवो असतलो तेव्हा. भायर पडाचा नाय, वर बघूचा नाय, खिडकी लावन बसाचा. कात्री, सुरी, विळी, सगळा मी सकाळीच माळ्यार टाकतलंय." गर्भारशीने ग्रहणात काही कापलं तर बाळाचा ओठ फाटका निघतो म्हणे. आकांक्षा तेव्हा चिडली होती. बी. एस्सी. झालेय मी, असं नवऱ्याला, वैभवला, दोनदा ऐकवलं होतं, आणि वैभवने दोघींच्या मधला मार्ग काढला होता, त्याला तेवढंच येतं — तू आत बस, मी गच्चीवरून फोटो काढून तुला पाठवत राहतो. त्यासाठी तिनेच ग्रहणाचे पुठ्ठ्याचे चष्मे मागवले होते. चष्मे आले. ऑगस्टमध्ये, पाचव्या महिन्यात, ते गेलं. चष्मे कपाटात राहिले.

ते गेलं — असंच म्हणतात सगळे. काय गेलं ते कुणी म्हणत नाही. भेटायला आलेल्या बायका तिच्या रडण्याची वाट बघत बसल्या, चहा प्यायल्या आणि "वय आहे अजून" म्हणून उठल्या. तिला रडू आलं नाही. दुखलंही नाही, म्हणजे अंग दुखलं, पण ते गोळीने थांबलं. नंतर गणपती आले, नवरात्र झालं, तिने मोदक वळले, ऑफिसला जाऊ लागली, सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी हातांनी. मला काही होत नाही, हेच मला होतंय... हे कुणाला सांगणार? ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. इथे जळतंय की नाही हेच कळेना.

आज मात्र पहाटेपासून तिला एक गोष्ट हवी होती आणि ती हवी असल्याची तिला लाजही वाटत होती. कुणीतरी आपल्याला अडवावं. नको म्हणावं. आत बस म्हणावं. एकाने तरी तो सातवा महिना मोजावा.

वैभव सकाळी ड्युटीवर निघताना चपला घालत म्हणाला, "मला जमणार नाही गं, तूच काढ फोटो. आता काय प्रॉब्लेम नाही ना." बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच काहीतरी जाणवलं असावं, कारण तो घाईघाईने फोनच्या विषयावर वळला. "डायरेक्ट सूर्यावर धरू नकोस हां. सेन्सर जळतो. चष्म्यातली फिल्म काप आणि लेन्सवर चिकटव. आणि आधी फिल्म, मगच वर धर."

दिवसभर चाळीच्या ग्रुपवरही तेच. तिसऱ्या मजल्यावरचा हितेंद्र, जो एरवी फक्त पाण्याची वेळ कळवतो, त्याने चार मेसेज टाकले — उघडा कॅमेरा धरू नका, एकदा गेला की गेला, मग रडू नका. आकांक्षाने ते चारही मेसेज नीट वाचले. फोनला किती जपतात माणसं.

दुपारी आईंनी दुधात, पिण्याच्या पाण्यात, मिठाच्या बरणीत, कालच्या करंज्यांच्या डब्यात तुळशीची पानं टाकली. पान टाकायला बरणी उघडताना त्या दोनदा खिळ्याखालून गेल्या. वर पाहिलं नाही. मग गॅलरीत गेल्या आणि शेजारच्या अपेक्षाच्या दारातून त्यांचा आवाज आला, "गो, झोपून ऱ्हव. काय चिरू-कापू नको. तुझ्या सासूक सांग, कात्री-सुरी उचलून ठेव म्हणान." अपेक्षाला सहावा आहे. आकांक्षा भिंतीला पाठ लावून ऐकत होती. राग यायला हवा होता. आला नाही. भिंत गार होती एवढंच कळलं.

साडेचारला जिन्यावर पावलं वाजू लागली. मिलच्या जागी उठलेल्या दोन टॉवरांच्या फटीत सूर्य थोडाच वेळ सापडणार, म्हणून सगळ्यांची धावपळ. हितेंद्रने खालूनच हाक दिली, "वहिनी, चला! साडेपाचला जाईल तो मागे!"

ती उठली. कपाटातून चष्मा काढला. खिळ्यावरून कात्री काढली — इतकी हलकी होती? — आणि जमिनीवर बसून पुठ्ठ्याला पातं लावलं. आई समोर पाटावर जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. माळ थांबली. आकांक्षाने वर पाहिलं नाही. पातं उघडलं, मिटलं नाही... किती वेळ, कोण जाणे. काप आता. काय प्रॉब्लेम नाही ना.

"हाड ती हकडे."

आई हात पुढे करून पाटावरून सरकत जवळ आल्या होत्या. त्यांनी तिच्या बोटांतून कात्री सोडवून घेतली, ओढली नाही, एकेक बोट उचलून सोडवली, चष्मा डोळ्यांजवळ नेला आणि कापायला लागल्या. फिल्म वाकडीतिकडी निघाली. ती त्यांनी तिच्या मांडीवर ठेवली, कात्री आपल्या पदराखाली घेतली.

"सकाळी माळ्यार टाकूची होती," त्या म्हणाल्या. "हात वर होयना माझो."

एवढंच. मग माळ पुन्हा चालू झाली, पण मणी पुढे सरकत नव्हता.

आकांक्षाने फिल्म लेन्सवर ठेवली, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, वैभवने सांगितलं तशीच. कॅमेरा सुरू केला. पडदा काळा झाला. खोली नाही, आई नाहीत, खिळा नाही. सूर्याशिवाय आता या फोनला काहीच दिसणार नव्हतं. वर गच्चीत कुणीतरी ओरडलं, लागलं, लागलं! हितेंद्रने पुन्हा हाक दिली.

ती जागची हलली नाही. फोन पालथा ठेवला. तिने दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले, जूनमध्ये आईंनी ग्रहणात बसायला शिकवलं होतं तसे, हातात काही न धरता, आणि त्या शिकवणीवर आपण किती हसलो होतो ते तिला आठवलं, आणि त्या हसण्याबरोबर पोट कसं हललं होतं तेही... आणि तिथेच, नेमकं तिथेच, तिला दुखलं. ऑगस्टपासून पहिल्यांदा. मी ओरडेन असं तिला वाटलं. तोंडून नुसता श्वास निघाला.

आईंनी उठून खिडकी लावली. ग्रहण सुटायला अजून बराच वेळ होता.