आधी कुंडी, मग पत्र

साक्षीचं पत्र दिवाळीत आलं होतं. आता उन्हं तापायला लागली, तरी केरबाआबांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्रात अवघड काही नव्हतं. पुतणीनं आपल्या मनानं लग्न केलं होतं, नाशिकला गेली होती, आणि जाताना आबांच्या हवाली केलेल्या निवडुंगाची तिनं चौकशी केली होती. मुळं कुंडीखालून बाहेर आलीत, तेवढी कुंडी बदला. आणि माझ्यावर रागावला नाहीत ना, तेही कळवा.

आबा रागावले नव्हते. लग्नाचा फोटो तर त्यांनी भिंगातून पाहिला होता. पण कुंडी बदललेली नव्हती, आणि सांगितलेलं काम न करता उत्तर कुठल्या तोंडानं द्यायचं? आधी कुंडी, मग पत्र, असं त्यांनी ठरवलं. जन्म ग्रंथालयात गेलेला. वाचल्याशिवाय मातीला हात कसा लावणार? बागकामाची तीन पुस्तकं आणली. तिन्हींचं एकमत होईना, म्हणून चौथं आणलं. त्यात हिवाळा सरला.

परवा त्यांची थोरली बहीण आक्का मुरगूडला एका लग्नाला गेली होती. तिथं साक्षीची आई भेटली. कसबा बावड्याच्या घरात परत पाऊल ठेवताच, पिशवी हातात असतानाच आक्कानं तोफ डागली.

"पोरगी म्हणत्या, आबांनी मला तोडलं. फुडच्या म्हैन्यात डोहाळजेवण हाय तिचं, तुला बोलवायला भित्यात सगळी. व्हय रं, एवढा कसला राग तुझा?"

"राग नाही गं. कुंडी बदलायची राहिलीय."

"कुंडी," आक्का म्हणाली, आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा अंगणात बसले. माती आधी कोरडी होऊ द्यावी, असं चारही पुस्तकांत होतं. ते काम आबांच्या विसरभोळेपणानं केव्हाच पार पाडलं होतं. नव्या कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे, वर वाळू मिसळलेली माती. हातमोजे नव्हते, आणि स्वयंपाकाची सांडशी आक्का देईना. मग काटे टोचू नयेत म्हणून भर उन्हात अंगात स्वेटर, गळ्याला मफलर अशा थाटात त्यांनी वर्तमानपत्राची जाड पट्टी केली, झाडाच्या कमरेला वेढली, जुनी कुंडी आडवी करून ठोकली. झाड अलगद बाहेर आलं. एक काटा लागला नाही. आबांना स्वतःचं इतकं कौतुक यापूर्वी कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात पट्टीवर ग्रंथालयांच्या अनुदानाची बातमी दिसली. वाचायची राहिली होती. दुसरा रकाना घडीत गेला होता, तो दिसावा म्हणून त्यांनी पट्टी जराशी फिरवली. झाड सुटलं, आणि उजव्या हातानं ते झेललं.

मोठे काटे आक्कानं चिमट्यानं काढले, बारीक कुसळं चिकटपट्टी लावून ओढली. बोटं टम्म सुजली. आबांना दुखत होतं, पण खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटत होतं. आता कारण मिळालं होतं, आणि तेही दाखवता येण्याजोगं.

"हात बरा झाला की लिहितो," ते म्हणाले.

आक्का चिकटपट्टी गुंडाळत होती. "त्या झाडाम्होरं मफलर बांधून तरी बसलास. पोरीला एक वळ लिवायला त्येवढंबी धाडस न्हाय व्हय तुझ्यात?"

आबा उठले. त्यांनी डाव्या हातानं झाड नव्या कुंडीत उभं केलं. ते वाकडंच बसलं. त्याच हातानं कार्ड लिहिलं. पहिल्या कार्डावर निवडुंगाच्या जातींची माहिती झाली, ते त्यांनी फाडलं. दुसऱ्यावर एवढंच मावलं: "साक्षी, मी कधीच रागावलो नव्हतो. कुंडीला घाबरलो होतो. ती आज बदलली. अक्षर डाव्या हाताचं आहे. डोहाळजेवणाला बोलावलं नाहीस तरी येणार."

टपालपेटीपाशी त्यांनी कार्ड अर्धं आत घातलं आणि पुन्हा बाहेर काढून वाचलं. 'येणार' जरा आगाऊ वाटत होतं. 'यावं म्हणतो' बरं दिसलं असतं.

"पावणं, टाकताय का न्हाय?" मागून कुणीतरी विचारलं.

आबांनी दचकून कार्ड सोडलं.