क्लच जड येतोय

माझ्या गॅरेजात येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, मिस्त्रीचं काम चोख आणि तोंड फटकळ. कुणी म्हणालं ब्रेक लागत नाही, तर मी गाडी बघायच्या आधी त्याची चप्पल बघतो. दिवसभर ब्रेकवर पाय ठेवून हिंडायचं आणि वर गाडीला शिव्या घालायच्या. मी सरळ सांगतो, गाडी ठणठणीत आहे, बिघाड सीटवर बसलाय. लोक कसनुसं हसतात, मनातून चिडतात आणि पुढच्या वेळी परत माझ्याकडेच येतात. तीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाची भीड ठेवली नाही. ठेवली ती एकाचीच, आणि त्या माणसाचे दोन्ही हात गेले.

ते माझे भाऊजी, थोरल्या ताईचे यजमान. पाणी खात्यात मीटर वाचायला होते. गल्लीत शिरायचं, गाडी थांबवायची, वाकून लोखंडी झाकण उचलायचं, आकडा लिहायचा, की पुढचं घर. दिवसाला शंभर-सव्वाशे घरं. वीस वर्षं हे काम त्यांनी सायकलवर केलं. मोटरसायकल घेतली तेव्हा सत्तेचाळिशी गाठली होती, आणि निवड माझी होती. दुकानात ते एका लालभडक, रुंद टाकीच्या गाडीभोवती घुटमळत होते. मी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

"भाऊजी, शर्यतीत उतरायचंय का? ही घ्या. सव्वाशे सीसी, साधी, सरळ, पेट्रोल जपून पिणारी. कुठेही बिघडली तरी पार्ट मिळतो."

"गाडी दाखवतोयस की स्थळ सुचवतोयस?"

"स्थळ तर आमच्याच घरचं केलंत. ते काय वाईट निघालं?"

दुकानातला विक्रेतासुद्धा हसला. भाऊजींनी तीच घेतली, करड्या रंगाची.

गाडी त्यांनी अशी जपली की मला माझ्या बाकीच्या गिऱ्हाइकांची लाज वाटायची. आठवड्याला चेनला तेल, रोज सकाळी फडकं, चाकातली हवा स्वतः तपासायची. दुसऱ्या कुणाच्या हाती किल्ली द्यायची नाही. रविवारी ताईला मागे बसवून शहराबाहेर कालव्याच्या रस्त्याने जायचं, तिथे पुलावर थोडं थांबायचं आणि परत यायचं, बस. ताई मला म्हणायची, "घरात चार शब्द बोलतील तर शपथ. गाडीवर बसले की तोंड बंद होत नाही. वाऱ्यात मला अर्धं ऐकूच येत नाही, तरी मी आपली हं हं करते." आमची ताई लग्नानंतरची पहिली पंधरा वर्षं त्या घरात फार एकटी होती. गाडी आल्यावर तिच्या चेहऱ्यावर जरा तजेला आला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गाडीला सहा वर्षं झाली असतील. एके दिवशी दुपारी भाऊजी गॅरेजात आले. म्हणाले, "क्लच जड येतोय रे."

मी दोन बोटांनी लिव्हर दाबून बघितला. लोण्यासारखा. का नसेल, दोनच महिन्यांपूर्वी मीच नवी केबल घातली होती. म्हटलं, "तुम्ही दाबा बघू."

त्यांनी चारही बोटं लिव्हरवर ठेवली. दात आवळले. लिव्हर अर्ध्यावर आला आणि थरथरत तिथेच थांबला. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो ना, तो त्यांच्या हाताला राहिलाच नव्हता. तिथे खळगा पडला होता. मी लिव्हर बघायचं सोडून हातच बघत राहिलो.

दुसरा कुणी असता तर मी काय बोललो असतो, मला पाठ आहे. गाडी ठेवा इथे आणि डॉक्टर गाठा. शब्द अगदी जिभेवर आला होता. भाऊजी माझ्याकडे टक लावून बघत होते, आणि मी म्हणालो, "केबल असेल. बदलून टाकतो."

का म्हणालो? मी स्वतःला हजार वेळा विचारलंय. एक तर, हात गेला म्हणजे गाडी गेली, गाडी गेली म्हणजे हा माणूस घरात कोपरा धरणार आणि ताई परत पूर्वीसारखी होणार, हे सगळं मला एका क्षणात दिसलं आणि मी घाबरलो. दुसरं कारण सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी शाळेत तीनदा नापास झालेला, घरादाराने ओवाळून टाकलेला. भाऊजी शिकलेले, सुंदर अक्षराचे, तोलून बोलणारे. आमच्या घरात कुठलाही कागद आला की त्यांच्यापुढे ठेवायचा. तेच भाऊजी माझ्याकडे आले होते, त्यांचं काहीतरी माझ्यावाचून अडलं होतं. मला ते गोड लागलं.

चांगली केबल काढून मी दुसरी चांगली केबल घातली. आत तेल सोडलं, लिव्हरचा स्क्रू घासून घेतला. भाऊजींनी दाबून पाहिला आणि म्हणाले, "आता बरा वाटतोय. तुझ्या हाताला गुण आहे बाबा." दोघांनीही एकमेकांना फसवलं आणि खूश होऊन निरोप घेतला.

अडीच महिन्यांनी परत तेच. या वेळी मी जरा डोकं लढवलं. इंजिनपाशी जिथे केबल येऊन अडकते, तिथे एक छोटा दांडा असतो. दांडा लांब केला की जोर कमी लागतो, हे साधं गणित. मी त्याला बोटभर पट्टी वेल्ड करून दिली. क्लच एवढा हलका झाला की लहान मुलानेही दाबावा. पण फुकट काही मिळत नाही. तो पुरता सुटेना, गिअर टाकताना खाडकन आवाज यायला लागला. भाऊजी म्हणाले, चालतंय.

त्या दिवसांत ताई एकदा हसत हसत सांगत होती, "यांचे लाड वाढलेत हो. शर्टाची बटणं मला लावायला लावतात. परवा कप सोडला हातातून, आणि वर म्हणतात कपच निसरडा होता." ती हसत होती म्हणून मीही हसलो. भाऊजी खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत होते. त्यांची चालही जरा ताठर झाली होती, डावा पाय जमिनीला घासत होता. मला ते दिसत नव्हतं असं नाही. बाहेर पडताना मी त्यांच्या चपलेचा झिजलेला अंगठाही बघितला. चपला बघायची माझी सवयच आहे.

तिसऱ्यांदा आले तेव्हा मी जे केलं, ते करणारा मिस्त्री माझ्या गॅरेजात असता तर मी त्याला कानाखाली मारून हाकलला असता. क्लचच्या आत दाब धरणाऱ्या स्प्रिंगा असतात. त्या काढून मी शंभर सीसीच्या गाडीच्या मऊ स्प्रिंगा घातल्या. क्लच जवळजवळ फुंकरीने दाबला जाईल असा झाला. पण आता चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. भाऊजींना सांगितलं, "चढ टाळा. ताईला घेऊन पुलाकडे जाऊ नका." त्यांनी मान डोलावली. सहा वर्षांची सुदृढ गाडी मी माझ्या हाताने लुळी केली, कारण माणूस आजारी आहे म्हणायला माझी जीभ वळत नव्हती.

व्हायचं ते झालंच. भर सकाळी सिग्नलला उभे असताना त्यांच्या बोटांतून लिव्हर सुटला. गाडीने उडी घेतली, ते आडवे झाले, वर गाडी. नशीब, पुढे कुणी नव्हतं. खांद्याला मार लागला म्हणून दवाखान्यात नेलं. खांद्याचं काही विशेष नव्हतं. पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचे तळवे उलटेपालटे करून पाहिले, गुडघ्यांवर छोटा हातोडा मारला, मिटलेली मूठ उघडायला सांगितली, आणि बाईंचा चेहरा बदलला. मानेतले मणके आतल्या मज्जारज्जूवर दाबत होते. ऑपरेशन करून दाब काढता येतो. वाढत चाललेलं थांबतं. पण जे गेलं ते बहुतेक परत येत नाही.

"किती दिवसांपासून होतंय?" बाईंनी विचारलं.

भाऊजी म्हणाले, "दोन-तीन महिने झाले असतील."

"दोन-तीन महिन्यांत हात इतका सुकत नाही. निदान आठ-दहा महिने झालेत. तेव्हाच आला असता तर हात वाचले असते. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

ताई रडायला लागली. "माझंच चुकलं हो. मी चेष्टेवारी नेलं." मी तिच्या शेजारी उभा होतो. बाईंनी माझ्याकडेही पाहिलं. तोंड उघडायची ती वेळ होती. मी ताईच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "तुला काय कळणार, ताई." एवढंच.

ऑपरेशन झालं. भाऊजी काठी मनगटाला बांधून घरातल्या घरात चालतात. हात मात्र तसेच राहिले. बोटं आत वळलेली, चमचा धरता येत नाही. खात्याने त्यांना घरी बसवलं. गाडी त्यांच्या इमारतीच्या जिन्याखाली कापड घालून उभी असते. विकू देत नाहीत. दर रविवारी मी जाऊन ती बाहेर काढतो आणि दहा मिनिटं चालू ठेवतो, म्हणजे बॅटरी उतरत नाही. ताई त्यांना धरून खाली आणते, ते पायरीवर बसून आवाज ऐकतात. आता तिच्यात कंपनीच्या स्प्रिंगा आहेत. ते दवाखान्यात असतानाच मी त्या परत घातल्या होत्या. कशासाठी घातल्या, देव जाणे.

महिन्यापूर्वीची गोष्ट. गाडी चालू होती, ताई वर चहा करत होती. भाऊजी म्हणाले, "एक सांगू? मी पहिल्यांदा तुझ्याकडे आलो होतो ना क्लच घेऊन, तेव्हा मला गाडीची शंका नव्हती. माझीच होती."

मी गाडी बंद केली.

"पेन सुटायचं हातातून. आकडे वेडेवाकडे यायला लागले होते. डॉक्टरकडे जायचं धाडस होईना. म्हटलं, तुझ्याकडे जावं. तू कुणाला सोडत नाहीस, तोंडावर सांगतोस. माझ्यात काही असलं तर हा सांगेल, मग जाऊ डॉक्टरकडे. तर तू म्हणालास, केबल." ते हसले. "इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. त्या दिवशी घरी गेलो आणि हिला घेऊन पार पुलापर्यंत जाऊन आलो. मधलाच वार, रविवारही नव्हता. ही म्हणाली, आज काय विशेष?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो आणि म्हणालो, "भाऊजी, केबल चांगली होती."

ते मान वळवून माझ्याकडे बघायला लागले.

"तुम्ही लिव्हर दाबलात आणि मला कळलं. हात बघूनच कळलं. मी बोललो नाही."

"पहिल्याच दिवशी?"

"पहिल्याच दिवशी."

त्यांनी वळलेल्या बोटांनी काठी गुडघ्याशी ओढून घेतली. मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं. काठी उचलता आली तर मारावी. मी ती खाल्ली असती आणि मोकळा झालो असतो. खरं सांगायचं तर मी मोकळं व्हायलाच बोललो होतो. शेवटी ते हळूच म्हणाले, "हिला सांगू नकोस."

"भाऊजी, ती स्वतःला दोष देतेय. रोज देते."

"देऊ दे. त्यातून सावरेल ती. हे कळलं तर नाही सावरायची. आई-वडील गेले, आता तिचं माहेर म्हणजे तू एकटा. माझे हात गेलेत. तिचं माहेर घेऊ नकोस."

तेवढ्यात ताई चहा घेऊन खाली आली. पायरीवर बसली, बशीत चहा ओतून फुंकर मारली आणि बशी त्यांच्या ओठांना लावली. तळमजल्यावरच्या शेजारीणबाई दारात उभ्या होत्या. ताई त्यांना कौतुकाने सांगायला लागली, "यांना क्लच दाबवेना, तर माझ्या भावाने काय काय युक्त्या केल्या, विचारू नका. दांडा लांब केला, स्प्रिंगा बदलल्या. त्याच्यामुळे वर्षभर तरी यांना गाडी चालवायला मिळाली. नाहीतर आधीच घरी बसले असते."

"भाऊ असावा तर असा," शेजारीणबाई म्हणाल्या.

भाऊजींनी चहाचा घोट घेतला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "खरंय."

ताईने पदराने त्यांची हनुवटी पुसली आणि मला विचारलं, पुढच्या रविवारी लवकर येशील का, जेवायलाच ये. मी येतो म्हणालो. त्यानंतर चार रविवार झाले, चारही वेळा तिने मला जवळ बसवून वाढलं, ताटात काही कमी पडू दिलं नाही, आणि मी खाली मान घालून जेवलो.