दिवसा सांगितलेली गोष्ट

भयपट लिहिणाऱ्याला एक नियम पाठ असावा लागतो. पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी म्हातारं माणूस नको म्हणतं आणि हिरो हसतो. एवढं झालं की प्रेक्षक निवांत मागं रेलतो, कारण कोण मरणार हे त्याला कळलेलं असतं. आकुर्डीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून मी असे कितीतरी म्हातारे लिहिले, त्यावरच माझं घर चालतं. आणि माझ्या स्वतःच्या आईनं नको म्हटलं, तेव्हा मी हसलो.

झालं असं की आमच्या निर्मात्याला, दिग्विजयला, एक अस्सल दंतकथा हवी होती. नेटवर कुठंही नसलेली. मी त्याला आमच्या गावच्या, निघोज्याच्या डोहाची गोष्ट सांगितली. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी डोहाला हळदकुंकू वाहायचं आणि भांडी मागायची. सकाळी काठावर पितळी हंडे, पराती, ताटं मांडलेली असायची. कार्य उरकलं की घासूनपुसून परत पाण्यात सोडायची. मग एका घरानं एक पळी ठेवून घेतली. पुढचं मला ठाऊक नव्हतं, कारण आई ही गोष्ट रात्रीच सांगायची आणि पळीपाशी आलं की मला झोप लागायची.

"पण डोह भांडी का देतो? त्याची बॅकस्टोरी काय?" दिग्विजयनं विचारलं.

"दंतकथेत 'का' नसतं."

"फिल्मला लागतं, राव. असं कर, आईंचाच व्हिडिओ काढून आण. पैसेवाल्यांना दाखवू. आणि उजेडात काढ, अंधारात तोंड दिसत नाही."

आई, अंबूबाई, निघोज्यात राहते. तिच्याबरोबर तिचा भाऊ, कोंडाजीमामा. मला एकच मामा. त्याचं गाव शेजारचंच, पण मामी गेल्यावर आईनं त्याला स्वतःकडं आणून ठेवला. गेल्या वर्षभरात त्याचं विसरणं वाढलं होतं. जेवून हात धुतले की परत जेवायला मागायचा. दुपारी 'रानात जाऊन येतो' म्हणत मागच्या दाराकडं निघायचा. रान कंपन्यांत जाऊन जमाना झाला होता. आई रोज दुपारी धान्य निवडायच्या निमित्तानं त्याच दारात बसायची.

मी मोबाईल स्टँडला लावला तेव्हा ती म्हणाली, "दिवसा गोष्ट सांगू न्हाई, रवी. मामा वाट चुकतो."

ही म्हण कुणी ऐकलेली नसते? मी हसून म्हटलं, "मामा आत घोरतोय. आणि आता सगळ्यांच्या खिशात मॅप असतो, आई." माझे हिरो हसतात, अगदी तसाच हसलो मी.

उजेड पुढच्या ओट्यावर चांगला होता, म्हणून तिला तिथं बसवली. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि फोटोला बसल्यासारखी ताठ बसून सांगायला लागली. मधेच रस्त्यावरून ट्रेलर गेला, हॉर्नमध्ये आवाज बुडाला. मी म्हटलं, पुन्हा सांग. तिनं पुन्हा सांगितलं. मग पदर घसरला. पुन्हा. शेवटी गोष्ट पळीपर्यंत आली आणि आई थांबली.

"मागचं दार वाजलं का रं?"

"वारा असेल. तू सांग पुढं."

ती उठलीच. आत मामाची वाकळ पडलेली होती, काठी भिंतीला होती, आणि मामा नव्हता.

एप्रिलचं ऊन होतं. गावातली पोरं गाड्या घेऊन चारी रस्त्यांना गेली. मी कंपन्यांच्या गेटागेटावर त्याचा फोटो दाखवत हिंडलो. पोलिसात वर्दी दिली. रात्र तशीच गेली. दुसऱ्या दिवशी अफताब नावाच्या ट्रेलर ड्रायव्हरला तो सापडला. नव्या गाड्या उभ्या करायच्या यार्डात मामा कुंपणाच्या फटीतून शिरला होता. आत एकसारख्या पांढऱ्या गाड्यांच्या रांगाच रांगा. एका चाकाला टेकून तो बसलेला होता, आणि चपला काढून शेजारी नीट जोडीनं ठेवल्या होत्या.

"मुझे लगा चाचा सो रहे हैं," अफताब म्हणाला. त्यानं स्वतःचा गमछा त्याच्या तोंडावर टाकला होता.

ते यार्ड मामाच्याच जुन्या रानावर होतं की काय, हे कुणाला खात्रीनं सांगता येईना. बांध मोडलेले, विहीर बुजवलेली, खूण म्हणून काही उरलेलं नाही. फिल्ममध्ये मी ते बेधडक त्याचंच रान केलं असतं.

डॉक्टर म्हणाले, ऊन आणि वय. मी आईला तेच सांगत राहिलो, त्याचा आजारच तसा होता म्हणून. ती ऐकून घ्यायची. योगायोगावर कथा उभी करू नये असं आम्ही नव्या लेखकांना शिकवतो, म्हणून मीही हा योगायोग आहे, यात गोष्ट नाही, असं मनाला बजावत होतो. पण तो योगायोग नव्हता. म्हणीत भूतखेत काही नव्हतंच. दिवसा बाई गोष्टीत गुंतली की दाराकडं बघायला कुणी राहत नाही, एवढा साधा म्हणीचा अर्थ होता. आईला तो माझ्या आधी कळलेला होता आणि ती मला एका शब्दानं बोलली नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

तेराव्यानंतर दिग्विजयचा फोन आला. आधी त्याला खरंच वाईट वाटलं. मग म्हणाला, "रागावू नको भावा, पण डोह सोड. मामा हीच फिल्म आहे." मी फोन ठेवून दिला. राग त्याच्यापेक्षा माझाच जास्त आला, कारण सरणापाशी उभा असताना हेच माझ्या डोक्यात येऊन गेलं होतं.

त्या दुपारी आई मागच्या दारातच बसली होती. सूप मांडीवर, ज्वारी निवडत. राखायला कुणी नव्हतं, तरी ती तिथंच बसत होती. मी शेजारी टेकलो.

"तुझी गोष्ट आर्धीच राहिली न्हवं?" ती म्हणाली.

"राहू दे आई. दिवस आहे."

"मग काय झालं? आता चुकायला तुला मामा कुठं राहिलाय."

तिनं सूप बाजूला ठेवलं नाही. खडे काढत काढतच सांगितलं. मोबाईल माझ्या खिशात होता, तो मी काढला नाही.

"ज्यानं पळी ठिवली, त्याला लई पस्तावा झाला. घासून-पुसून घिऊन गेला डोहाव. पाण्यात उभा राहून माफी मागितली, पळी सोडली. डोहानं घेतली बी."

"मग?"

"मग काय न्हाई. भांडी परत कदी वर आली न्हाईत. एवढीच हाय गोष्ट."